नामदार नाना शंकरशेट आणि सार्वजनिक कामांचे कायदे

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना ह्यांचे चरित्र यावे ह्यात नवल असे काही नाही. सोनार समाजाच्या ज्या अनेक शाखा आहेत, त्यांपैकी कोकणातील दैवज्ञ शाखेत नाना जन्मास आले. आम्ही झाडीपट्टीतली माणसे. आमची शाखा निराळी, बोली निराळी, चालीरीतीही काही निराळ्या. तरी ऐरण, हातोडी आणि मूस ही तिन्ही सर्वांची एकच. म्हणून नानांचे नाव निघाले की कुरखेड्यासारख्या दूरच्या अरण्यप्रदेशातही आमचा ऊर अभिमानाने भरून येतो. परंतु नुसत्या अभिमानाने थोर पुरुषांचे ऋण फिटत नाही. त्यांनी काय केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि ते टिकले कशामुळे, हे समजून घेतले तरच चरित्रवाचनाचे सार्थक होते. नानांच्या विद्याप्रसाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्या आयुष्याच्या एका अंगाकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ते अंग म्हणजे सार्वजनिक कामे, संग्रहालय आणि त्यांसंबंधीचे इंग्रजी अमदानीतील कायदे हे होय.

कुल व पूर्ववय

नानांचे घराण्याचे उपनाव मुरकुटे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे त्यांचे गाव. तेथेच १० फेब्रुवारी १८०३ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे व्यापारउदिमाच्या निमित्ताने मुंबईस येऊन स्थिरावले होते आणि वडील शंकरशेट ह्यांच्या वेळेपर्यंत पेढीची पत दूरवर पसरली होती. नानांस संस्कृत, मराठी व इंग्रजी ह्यांचे शिक्षण घरीच मिळाले. १८२२ साली वडील निवर्तले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात अपार संपत्ती हाती आली म्हणजे तरुणाचे काय होते, हे आपण नित्य पाहतो. नानांनी मात्र संपत्ती सांभाळली आणि त्याच वर्षापासून सार्वजनिक कामात पाऊल टाकले. आपल्या आयुष्याची पुढील त्रेचाळीस वर्षे त्यांनी ह्याच कामास वाहिली.

विद्यादान

मुंबईत हिंदी मुलांसाठी शाळा काढाव्यात व देशी भाषांत पाठ्यपुस्तके छापावीत, म्हणून १८२२ साली जी मंडळी स्थापन झाली, तिच्या आद्य सभासदांत नाना होते. बापू छत्रे व पुढे बाळशास्त्री जांभेकर हे ह्याच मंडळीचे चिटणीस. १८४० साली सरकारने विद्याखाते पाहण्यासाठी मंडळ नेमले, त्यातही नाना होते. तेथे एक मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचे मत असे की, उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे आणि ते वरच्या थोड्या लोकांपासून खाली झिरपू द्यावे. कर्नल जर्विस व नाना ह्यांनी विरुद्ध बाजू घेतली. सामान्य प्रजेपर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते तिच्याच भाषेतून नेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या धनिकाने मराठीचा कैवार घ्यावा, ही गोष्ट आम्हा मराठी शाळांच्या शिक्षकांनी तरी विसरू नये.

१८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्यास नानांचे साहाय्य होते. १८४९ साली मुलींची शाळा काढण्यास जागा मिळेना, तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्याच वाड्यात ती दिली. लोकनिंदेची भीती त्या काळी लहान नव्हती.

गावगाडा आणि कायदा

आता मुख्य विषयाकडे वळू. आज रस्ता, नाली, विहीर, दिवाबत्ती ही कामे सरकारची किंवा नगरपंचायतीची, असे आपण गृहीत धरतो. नानांच्या बालपणी तसे नव्हते. पाणपोई, धर्मशाळा, तळे, घाट ही कामे राजा करी किंवा सावकार करी. करणाऱ्यास पुण्य लागे आणि त्याच्या पश्चात काम मोडकळीस येई. त्यास कायद्याचा आधार नव्हता, कराचे उत्पन्न नव्हते आणि जाब विचारणारा कोणी नव्हता.

मुंबईपुरता पहिला कायदा विलायतेच्या पार्लमेंटने १७९३ साली केला. त्याने शहरात जस्टिस ऑफ दि पीस, म्हणजे शांतिरक्षक न्यायाधीश, नेमण्याची तजवीज झाली आणि झाडलोट, पहारा व रस्तेदुरुस्ती ह्यांसाठी घरपट्टी बसविण्याचा अधिकार त्यांस मिळाला. परंतु कितीतरी वर्षे हे न्यायाधीश गोरेच असत. पट्टी भरणारे हिंदी आणि खर्चणारे इंग्रज, असा प्रकार होता. १८३२ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली आणि १८३४ साली मुंबईत प्रथमच काही हिंदी गृहस्थ ह्या पदावर नेमले गेले. नाना त्यांपैकी एक होते. आपल्या शहराच्या कारभारात हिंदी माणसास कायद्याने मिळालेली ही पहिली जागा होय.

१८४५ च्या अकराव्या कायद्याने मुंबईस सफाईमंडळ आले. त्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर दोन युरोपियन व तीन हिंदी न्यायाधीश बसत. १८५० साली सव्वीसावा कायदा झाला तो बाहेरगावांसाठी. रहिवाश्यांनी आपण होऊन मागणी केली तर गावास नगरसुधारणेची व्यवस्था द्यावी, असा त्याचा आशय. ह्या कायद्यातील मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे : मागणी लोकांची हवी. जेथे लोक पुढे आले तेथे नगरपालिका झाली आणि जेथे कोणी पुढे आले नाही तेथे कायदा पुस्तकातच राहिला. मुंबईत १८५८ पासून तीन पगारी कमिशनरांच्या हाती कारभार गेला, परंतु त्या तिघांच्या मतभेदांनी कामे रखडू लागली.

नाना कायद्याचे साहाय्य घेत, पण कायद्याच्या नावाने होणारा अन्याय सोसत नसत. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी आरोग्याच्या कारणास्तव हलवून दूर शिवडीस न्यावी, असा सरकारचा विचार झाला. गरीब माणसाने खांद्यावर प्रेत घेऊन एवढे अंतर कसे काटावे? नानांनी हा प्रश्न नेटाने लढविला आणि स्मशान आपल्या जागी राहिले. तो धनिकांच्या सोयीचा प्रश्न नव्हता. धनिकांस गाड्या होत्या.

आगगाडी, असोसिएशन व बालंट

१८४५ च्या सुमारास मुंबईहून देशात लोहमार्ग न्यावा ह्या खटपटीत सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्यासह नाना अग्रभागी होते. पुढे ते रेल्वे कंपनीच्या येथील संचालकांतही होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही एकवीस मैलांची पहिली गाडी धावली. त्या दिवशी आमच्या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघुजी निवर्तले आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. आजही कुरखेड्याच्या माणसास आगगाडी धरावयाची तर वडसा गाठावे लागते. तेव्हा ह्या सुधारणा आरंभी कोणी मागितल्या, हे स्मरणात ठेवणे बरे.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्थापनेत नाना प्रमुख होते. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आलेली पाहून असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि कायदे करणाऱ्या सभेत हिंदी लोकांस स्थान मागितले. इतके राजमान्य असूनही १८५७ च्या उठावात नानांवर संशय आला, त्यांची चौकशी झाली, आणि निष्पन्न काहीच झाले नाही. असे बालंट आल्यावर सामान्य मनुष्य घराचे दार लावून बसला असता. नानांनी पुढच्याच वर्षी एक नवे काम अंगावर घेतले. ते म्हणजे संग्रहालय.

संग्रहालयाची कथा

विलायतेत ह्या विषयावर पार्लमेंटने १८४५ साली कायदा केला होता. विल्यम एवर्ट ह्या सभासदाने तो मांडला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहराच्या नगरसभेने संग्रहालयासाठी पौंडामागे अर्धा पेनी पट्टी बसवावी आणि प्रवेशास एक पेनीहून अधिक घेऊ नये, असे त्यात होते. १८५० च्या कायद्याने त्यास ग्रंथालयांची जोड मिळाली. कारखान्यात राबणाऱ्या कामकऱ्यालाही प्राचीन मूर्ती, खनिजे व कारागिरीचे नमुने पाहण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कोणा सरदाराच्या मेहेरबानीवर नव्हे तर नगराच्या पट्टीवर चालावा, हे तत्त्व त्या देशात अशा रीतीने रुजले.

मुंबईस असा कायदा नव्हता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी येथील वस्तू जमविल्या गेल्या, त्यांवरून कोटातील बराकीत एक लहानसे संग्रहालय सुरू झाले. पण १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि वस्तू घाईने बाहेर काढल्या गेल्या, पुष्कळशा नासल्या. ज्या संग्रहास कायद्याचे कवच नाही, त्याची गत अशी होते.

१८५८ साली टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि लोकवर्गणीतून स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरले. समितीचे अध्यक्षपद नानांकडे आले; डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे खंदे कार्यकर्ते. भाऊ दाजी हे नाणी व शिलालेख वाचणारे विद्वान, बर्डवुड वनस्पती व हस्तकलांचे जाणकार, आणि नाना सर्वांस एकत्र बांधणारे. जात, धर्म, वर्ण ह्यांचा विचार न करता वर्गणी जमली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते भायखळ्याच्या बागेत कोनशिला बसली. तीच बाग राणीचा बाग म्हणून प्रसिद्धीस आली.

ह्या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता, त्याचे कारण सातासमुद्रापलीकडचे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले आणि विलायतेस जाणारा तिकडचा कापूस थांबला. मग हिंगणघाटचा, वऱ्हाडाचा व गुजराथचा कापूस सोन्याच्या मोलाने विकू लागला. इकडे सावकारांच्या तिजोऱ्या भरल्या. तिकडे लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून विणकर उपाशी मरू लागले. त्यांस नुसता शिधा न देता काम द्यावे, म्हणून पार्लमेंटने १८६३ साली कापूस-जिल्ह्यांतील सार्वजनिक कामांचा कायदा केला आणि तेथील नगरसभांस रस्ते, मोऱ्या, पाणीपुरवठा व उद्याने ह्यांकरिता बारा लक्ष पौंडांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद केली. एकाच कापसाने एका देशात कायदा घडविला आणि दुसऱ्या देशात वर्गणी. त्यांतला फरक लवकरच दिसून आला. लँकेशायरचे कर्ज कायद्याने बांधलेले होते, म्हणून कामे पुरी झाली. मुंबईची वर्गणी तेजीवर अवलंबून होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशी मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. संग्रहालयाचे काम अर्ध्यावर थांबले.

अखेरचे दिवस

१८६१ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळे निर्माण झाली आणि १८६२ साली नाना मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. दहा वर्षांपूर्वी असोसिएशनने जे मागितले त्याचा अल्पसा अंश पदरात पडला. नामदार ही पदवी त्यांच्या नावास लागली ती ह्यामुळे. नाना ह्या मंडळात असतानाच मुंबईच्या कारभाराचा १८६५ चा दुसरा कायदा झाला. तीन कमिशनरांची व्यवस्था मोडली, एकच म्युनिसिपल कमिशनर आला, आणि शहरातील सर्व न्यायाधीश मिळून कायद्याने मान्य अशी एक संस्था ठरली. शहरास प्रथमच स्वतःचे असे कायदेशीर अस्तित्व मिळाले. जुलै १८६५ मध्ये हा नवा कारभार सुरू झाला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी इहलोक सोडला.

दैवगती पाहा. बाजार बसला, संग्रहालय अर्धवट राहिले, आणि त्याच महिन्यात अध्यक्षही गेले. जुन्या काळचा घाट किंवा धर्मशाळा असती तर गोष्ट येथेच संपली असती. पण हे काम एका माणसाचे राहिले नव्हते. समितीचे, नगराचे झाले होते. सरकारने उरलेला खर्च उचलला, इमारत उभी राहिली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. पुढे ते मुंबई नगरपालिकेकडे आले. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव देण्यात आले, ते योग्यच झाले. नानांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये आहे. ते गेल्यावर त्यांच्या नावे मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृतासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण आमच्या विद्यार्थिदशेत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे शब्द गुरुजींच्या तोंडून ऐकताना सारा वर्ग स्तब्ध होई, हे आम्हांस आठवते.

आमच्या मुलखाकडे

नानांच्या हयातीतच, १८६३ साली, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्या कारकिर्दीत नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. तोच आपला अजब बंगला. १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८३ साली मध्यप्रांतास त्याचा कायदा मिळाला. रस्ते, शाळा, दवाखाने, कोंडवाडे ही कामे चांदा जिल्ह्यात डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे आली, आणि खेड्यापाड्यांच्या मुकादमांस प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क मिळाला. तरी पूर्वेकडील जमीनदारी मुलखात १९५१ साली जमीनदाऱ्या नष्ट होईपर्यंत ह्या हक्काचा वारा फारसा पोचला नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आज कुरखेड्यात नगरपंचायत आहे. आमची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. त्या पगाराचा उगम शोधीत मागे गेले तर वाट १८८३ ला आणि त्याहीमागे नानांच्या पिढीला जाऊन मिळते.

आता एक गोष्ट समाजबांधवांपुढे स्पष्टपणे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. संग्रहालय म्हणजे काय? जे वितळून, फुटून, विकून नाहीसे व्हावयाचे ते सर्वांसाठी राखून ठेवण्याची जागा. आणि वितळविण्याचे काम कोणाचे? आपलेच. नांगराच्या फाळाला जुन्या नाण्यांचे बोळके लागले तर ते प्रथम सोनाराच्या दुकानी येते. गोंड, माडिया भगिनींचे जुन्या घडणीचे तोडे, सऱ्या, वाळे अडीअडचणीत मोडीस येतात आणि तासाभरात मुशीत आटून त्यांची लगड होते. ते घडविणारे हात कदाचित आपल्याच पणजोबांचे असतील. चांदी तेवढीच राहते. घडण मात्र कायमची जाते.

ह्याही बाबतीत कायदा आहे. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यामूर्तींस संरक्षण दिले आहे. परंतु १८५० च्या कायद्याप्रमाणेच हेही कायदे लोक पुढे आले तरच जिवंत राहतात. शिपाई प्रत्येक मुशीपाशी उभा राहू शकत नाही.

एक विचार असा येईल की, पोट भरण्याच्या धंद्यात हे कसे परवडावे? आम्ही कोणास धंदा सोडा असे म्हणत नाही. जुने नाणे आले तर ते आटवू नये व आणणाऱ्यास वर्दी देण्यास सांगावे, जुन्या घडणीचा दागिना मोडीस आला तर आटविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, वजन व गावाचे नाव वहीत टिपून ठेवावे, आणि जमल्यास वर्षाकाठी एखादा नग समाजाने वर्गणी करून विकत घ्यावा व शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात ठेवावा. पाच-दहा वर्षांत झाडीपट्टीच्या कारागिरीचा एक लहानसा संग्रह उभा राहील. तो आपल्या जातीचा म्हणून कुलपात ठेवू नये. ज्यांच्या अंगावर ते दागिने शोभले त्यांच्या मुलाबाळांस तो पाहावयास मिळावा.

वैरागडचा किल्ला आणि मार्कंड्याची देवळे ह्यांवर काळाचा मारा सोसूनही जे उरले आहे ते संरक्षणाच्या कायद्यामुळे आणि लोकांच्या श्रद्धेमुळे उरले आहे. दगडाला हे दोन आधार मिळाले. चांदीला अद्याप मिळावयाचे आहेत.

नानांची थोरवी त्यांच्या दानात आहे, पण त्याहून अधिक ती त्यांच्या दूरदृष्टीत आहे. दिलेले दान त्यांनी आपल्या नावाच्या कोंदणात बसविले नाही. ते सभेच्या, नियमांच्या आणि सर्व लोकांच्या हवाली केले. म्हणून दाता गेल्यावरही दान उरले. दर वर्षी त्यांच्या जयंतीस आपण प्रतिमेला हार घालतो, तो घालावाच. त्याबरोबर त्या दिवशी वहीतले एक पान आणि कपाटातला एक नग वाढला, तर नामदार नाना शंकरशेट आपले होते असे म्हणण्याचा अधिकार आपणांस खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.